बांधावरच्या वहाणा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव सांगणारेही आता कोणी उरलेले नाही.

त्या राज्यातल्या एका गावात विड्याच्या पानांचे मळे होते. गोंदाजी आणि हैबती यांचे मळे शेजारी शेजारी. मध्ये एक बांध, आणि दोघांना पाणी देणारा एकच पाट. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या, तरी सात वर्षे या दोन शेजाऱ्यांचे पाण्यावरून भांडण चालले होते.

एके दिवशी पाळी हैबतीची असूनही पाट गोंदाजीच्याच मळ्यात वाहत राहिला. हैबतीच्या वेली माना टाकू लागल्या. पाणी वळवायला घेतलेले फावडे हातात तसेच धरून तो गोंदाजीच्या मळ्यात गेला.

"दादा, पाळी माझी आहे. पाणी सोडा."

गोंदाजी हसला. "तुझ्या वेली तुझ्यासारख्याच रे हैबती. दुसऱ्याच्या आधाराशिवाय उभ्याच राहत नाहीत."

हैबतीचा तोल सुटला. त्याने फावड्याचा दांडा जोरात हाणला आणि गोंदाजीचा उजवा हात कोपराखाली मोडला.

प्रकरण गावच्या पंचांपुढे गेले. राज्याचा कायदा असा होता, की रागाच्या भरात मारणाऱ्याने जखमी माणसाचे काम, तो बरा होईपर्यंत, स्वतः करावे. पण जो ठरवून मारायला येईल, त्याने कायमचे गाव सोडावे.

"हा ठरवूनच आला होता," गोंदाजी म्हणाला. "मला जिवे मारायला फावडे घेऊन धावत मळ्यात शिरला."

पंचांनी फावडे पाहिले, मोडलेला हात पाहिला आणि हैबतीला गाव सोडायला सांगितले. हैबतीचा मळा त्याच्या आईने लावला होता. तो गेला असता तर महिन्याभरात वेली वाळल्या असत्या. म्हणून त्याने राजधानीत जाऊन दाद मागितली.

तिथे न्यायाला एक वयस्क बाई बसत. त्यांच्यापुढे अपील आले, की नवा साक्षीदार आणता येत नसे. ज्याला मार लागला, त्यालाच पुन्हा एकदा विचारायचे, असा नियम होता.

"हैबती, मारलंस का तू?" बाईंनी आधी विचारले.

"मारलं, सरकार. ते नाही म्हणत नाही. पण मारायला गेलो नव्हतो."

बाई गोंदाजीकडे वळल्या. "बाबा, मी जन्मभर विडा खाल्ला, पण पानाचा मळा काही पाहिला नाही. तो असतो कसा? आत जातात कसे? मला नीट सांग."

गोंदाजीला बरे वाटले. मळ्याबद्दल बोलायला त्याला फार आवडे. हात झोळीत बांधलेला असूनही तो खुलून सांगू लागला. "सरकार, आमचा मळा म्हणजे देवघरच. आत सावली, गारवा. वेल फार नाजूक. म्हणून आम्ही आधी बांधावर वहाणा काढतो, त्या बाजूला नीट ठेवतो, आणि मग अनवाणी..."

बोलता बोलता तो थांबला.

"मग त्या दिवशी हैबतीने वहाणा काढल्या होत्या का?" बाईंनी शांतपणे विचारले.

हैबतीने चमकून वर पाहिले. पंचांपुढे हे सांगायचे त्याला सुचलेच नव्हते. गावात कुणालाच सुचले नव्हते. आपण श्वास घेतला, हे का कोणी मुद्दाम सांगते?

गोंदाजीचा हात ठणकत होता. 'नाही' म्हटले की शत्रू कायमचा गावाबाहेर. 'हो' म्हटले तर आपले खोटे उघडे, आणि चोरलेले पाणीही उघडे. त्याने खाली पाहिले. न्यायासनापुढे तोही अनवाणीच उभा होता.

"काढल्या होत्या," तो हळूच म्हणाला. "बांधावर, शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. मी पाहिल्या, सरकार. पाळीही त्याचीच होती. मी टोचून बोललो, मग त्याने मारलं."

"जिवे मारायला निघालेला माणूस वहाणा नीट लावून ठेवत नाही," बाई म्हणाल्या. "हैबती, तुझं गाव सुटणार नाही. पण हात तूच मोडलास. तो बरा होईपर्यंत आधी याचा मळा सांभाळ, मग तुझा. आणि गोंदाजी, तू पंचांपुढे जाऊन आपला शब्द मागे घे."

दोघे गावी परतले. गोंदाजीने सगळ्यांसमोर आपले खोटे कबूल केले. ज्या पाण्यासाठी एवढे झाले, त्याच्या दोन्ही पाळ्या आता हैबतीच्या हातात होत्या. गोंदाजी धास्तावून बांधावर बसून राही. पण हैबतीने त्याच्या वेलींना त्यांच्या वाट्याचे पाणी पुरेपूर दिले.

हैबती वेली आधाराला बांधू लागला, की हळूहळू गोंदाजीला गप्प बसवेना. "अरे, गाठ सैल बांध! वेल आहे ती, बैल नाही!"

"दादा, हात मोडलाय तुमचा, तोंड मात्र धड राहिलं," हैबती म्हणे, आणि गाठ सैल करी.

काही महिन्यांनी हात जुळला. थोडा वाकडा, पण गाठ बांधण्याइतका बळकट. त्या सकाळी गोंदाजी आपल्या मळ्यात न जाता हैबतीच्या मळ्याकडे गेला. सात वर्षांत पहिल्यांदाच. हैबतीच्या वेली बांधायच्या राहून गेल्या होत्या.

बांधावर हैबतीच्या वहाणा होत्या. गोंदाजीने आपल्या वहाणा त्यांच्या शेजारी काढून ठेवल्या आणि तो आत गेला.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, एवढेच लक्षात ठेवा: ज्याने आपल्याला दुखावले, त्याच्याबद्दलही खरेच बोलावे, भांडण तिथूनच मिटू लागते.