टपातला लगदा

संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब वरखेडे शाळा पाहायला आले, तेव्हा सातवीच्या मुली अंगणात रद्दीच्या लगद्यापासून कागद बनवत होत्या. पुढच्या वर्षीच्या चित्रकलेच्या वह्या याच कागदाच्या व्हायच्या होत्या. अण्णासाहेबांनी एक ताव उचलला आणि नाक मुरडलं.

"कचऱ्यातून कचराच निघणार! बाई, हे उद्योग आजपासून बंद."

चित्रकलेच्या बाईंचा चेहरा उतरला. टपात कोपरापर्यंत हात घातलेली नसीम मात्र अदबीनं म्हणाली, "बरं साहेब. मग तुमच्या वाढदिवसाची उरलेली पत्रकं कुठे ठेवू? हा लगदा त्यांचाच आहे."

"माझ्या पत्रकांचा?"

"फक्त तुमच्याच, साहेब. दुसरं काही घातलेलं नाही. यातला कचरा कोणता, तेवढं दाखवा. मी वेचून टाकते."

अण्णासाहेबांनी तोच ताव पुन्हा उन्हात धरून पाहिला. "पोत उत्तम आहे हो," ते म्हणाले. "चालू ठेवा."

चातुर्य जिंकलं असं म्हणावं की नाही, मला ठरवता येत नाही. कारण मुलींना लगदा कमी पडू नये म्हणून यंदा दुप्पट पत्रकं छापायचं अण्णासाहेबांनी तिथेच जाहीर केलं.