कासवांचा ठराव

ज्या तळ्याची वाट आता कुणालाच ठाऊक नाही, तिथे एके काळी बेडकांच्या पोरांची गाण्याची शाळा होती. तिचा कारभार पाच म्हाताऱ्या कासवांकडे होता. त्यांनी मुख्याध्यापक म्हणून एका पाणसापाला नेमलं. तो कधी आवाज चढवत नाही, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

पुढे शाळेतलं गाणं रोज थोडं विरळ होत गेलं. "शिस्त लागतेय हो," कासवं कौतुकाने म्हणायची. एका संध्याकाळी तळं पार मुकं झालं, आणि भुरकी बेडकीची धाकटी घरी परतलीच नाही.

भुरकी तडक कासवांच्या खडकावर गेली. "माझी पोर कुठंय?"

"मुख्याध्यापकांना विचार, बाई. पोरं त्यांच्या ताब्यात असतात," थोरलं कासव म्हणालं.

"तो साप आहे, आजोबा. भूक लागल्यावर साप काय करतो, हे त्याला काय विचारायचं? त्याला तिथे बसवलं कुणी?"

"सभेने, एकमताने. मान आत असली की होकार धरायचा, ही आमची रीत. त्या दिवशी एकानेही मान बाहेर काढली नाही."

भुरकी जागची हलली नाही. "मग माझाही ठराव घ्या. उद्यापासून तुमची पिल्लंही त्याच शाळेत जातील. ज्याचा नकार असेल त्याने मान बाहेर ठेवावी."

तेवढ्यात खडकामागचं पाणी सावकाश दुभंगलं. पाणसाप डोकं वर काढून ऐकत राहिला.

त्याला पाहताच पाचही माना आत गेल्या.