रखमाजीनं आणलेलं दार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, बाबांनो. गेरूळच्या ओढ्याला तेव्हा उन्हाळ्यातही पाणी असायचं. मी ती माझ्या आज्याकडून ऐकली. आज्यानं कुणाकडून ऐकली ते विचारायचं राहून गेलं.

त्या काळी गावात चाँदबी नावाची सुईण होती. अर्ध्या गावाला पहिली आंघोळ तिनं घातलेली. सगळे तिला मावशी म्हणायचे. एका वर्षी देवीची साथ आली. आजूबाजूच्या गावांत रोज रडणं ऐकू यायचं. तेव्हा चाँदबी डोंगरावरच्या मेहेरशाह पीराला नवस बोलली, "माझ्या गावातलं एकही लेकरू नेऊ नकोस. मी स्वतः येऊन चादर चढवीन."

आणि खरंच, एकही लेकरू गेलं नाही. त्या लेकरांत जिनगराचा रखमाजी होता.

पीराचा दर्गा फार लांब होता, महिनाभराच्या वाटेवर. शेवटचा घाट असा उभा, की गाडी जायची नाही. चाँदबीनं हिरवी चादर शिवली, तिला किनार लावली, आणि त्याच वर्षी तिचे पाय गेले. दुसऱ्याच्या हाती चादर पाठवायला ती तयार नव्हती. म्हणायची, "बोलले मी, तर जाईन मी. नवस तसाच ठेवून मला डोळे मिटायचे नाहीत." चादर पेटीत राहिली आणि चाँदबी बाजेवर. अशी वीस वर्षं गेली.

रखमाजी मोठा झाला. बैलांची शिंगं, देवळाचे खांब, मोहरमचे ताबूत, सगळं तोच रंगवायचा. त्याला कळलं, की तीन कोसांवर कसब्यात काजीसाहेबांच्या बैठकीत त्या दर्ग्याचं एक चित्र आहे. त्याला वाटलं, मावशीला दर्ग्यापर्यंत जाता येत नाही, तर दर्गाच मावशीपर्यंत आणावा. तिच्या दारासमोर चावडीची मोठी भिंत होती. ती त्यानं चुन्यानं पांढरी केली.

काजीसाहेब भला माणूस. ते म्हणाले, "बघ हवं तेवढं. पण चित्र खुंटीवरून काढायचं नाही, आणि रंग बैठकीत आणायचा नाही. गालिचा नवा आहे."

मग रखमाजी रोज पहाटे निघायचा, चित्रातला एक तुकडा डोळ्यांत भरून घ्यायचा आणि परत यायचा. वाटेत कुणाशी बोलायचा नाही. भरलेली घागर डोक्यावर असावी तसा चालायचा. आला की भिंतीवर तेवढा तुकडा उतरवायचा. एक दिवस घुमट आला, एक दिवस पायऱ्या आल्या. एक दिवस नुसती तळ्यातली सावली आली.

गणू तेली मोठा चेष्टेखोर. त्यानं एकदा वाटेत त्याला गाठलं. "काय रे रखमा, आज काय चोरलंस? काजीसाहेबांची दाढी तर नाही?" रखमाजीला हसू फुटलं, आणि मिनाराचा वरचा अर्धा भाग सांडला! बिचारा तसाच मागं फिरला, पुन्हा तीन कोस. असं म्हणतात, की त्या दिवशी काजीसाहेबांनी त्याला जेवू घालूनच पाठवला.

चाळीस दिवसांनी दर्गा पुरा झाला. चौघांनी चाँदबीची बाज उचलून भिंतीसमोर आणली. म्हातारीनं घुमट पाहिला, तळं पाहिलं. गालांवर पाणी आलं. मग ती पुढं वाकली.

"रखमा, दार कुठंय रे?"

"चित्रातच नाही, मावशी. काढणाऱ्यानं तळ्याच्या बाजूनं काढलंय. दार पलीकडं राहिलं."

"मग मी चादर घेऊन तळ्यात उभी राहू की काय?"

कुणी हसलं नाही. गणू म्हणाला, "काढ की एखादं दार. कोण बघायला जातंय?"

रखमाजीनं मान हलवली. "न बघितलेलं दार काढलं, तर मावशी आत जाऊन कुठं पोचेल, कुणाला ठाऊक?"

त्यानं भाकरी बांधून घेतली आणि तो डोंगराच्या वाटेला लागला. जायला महिना, यायला महिना. पण असं म्हणतात, की नद्यांनी त्याला उतार दिला, घाटानं पाठ वाकवली, आणि नवव्या दिवशी तो गावच्या शिवेवर दिसला. डोळे मोठे, ओठ मिटलेले. सगळं गाव वाटेच्या दोन्ही बाजूंना गप्प उभं राहिलं. गणू तेली स्वतःच्या तोंडावर हात धरून उभा होता. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.

रखमाजी सरळ भिंतीकडे गेला आणि त्यानं दार काढलं. लहानसं, हिरवं, आत जाताना मान वाकवावी लागेल एवढं. एक फळी उघडीच.

मग त्यानं तोंड उघडलं. "दर्ग्याचा मुजावर म्हणाला, हे दार लावायची रीत नाही."

चाँदबी बाजेवरून उठली. हो, उठली. चादर छातीशी धरून चालत गेली, दाराशी मान वाकवली, आणि घटकाभर कुणाला दिसली नाही. भिंतीतून लोबानाचा वास येत होता. मग ती बाहेर आली. हात रिकामे, केसांत गुलाबाच्या पाकळ्या.

"आतली फरशी किती गार आहे, बायांनो!" ती म्हणाली. मग रखमाजीकडे वळली. "आणि काय रे शहाण्या, एवढी पायपीट केलीस, आणि आत नाही गेलास? पीरबाबा विचारत होते, दाराशी येऊन माघारी गेला तो कोण?"

रखमाजी ओशाळला. "आत गेलो असतो, तर डोळ्यांत झुंबरं भरली असती, फुलं भरली असती. दाराला जागा राहिली नसती, मावशी."

चाँदबीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. त्या दिवशी गावानं गुळाचा भात केला. गाव जेवलं, वाटसरू जेवले. चाँदबी पुढं बारा वर्षं पायांनी हिंडली, असं म्हणतात.

ती भिंत अजून आहे. दर वर्षी उरुसाच्या आधी गाव ती नव्यानं रंगवतं. आणि दर वर्षी गेरूळचा एक माणूस चालत डोंगरावर जातो. कुणाही जातीचा असो, बाई असो, बाप्या असो. तो त्या लहान दारातून मान वाकवून आत जातो, बाहेर येतो, आणि पुन्हा एकदा आत जातो.

नवा मुजावर असला तर विचारतो, "दोनदा का?"

तो सांगतो, "दुसऱ्यांदा रखमाजीसाठी."