पाळकसाहेबांची पेज

वसईत एकटे राहणारे निवृत्त प्रॉटेस्टंट पाळक रणभिसे पाय मोडून खाटेला खिळले. शेजारची कॅथलिक रुजाय रोज पेज आणून देऊ लागली. ईस्टरआधीच्या उपास-दानधर्माच्या दिवसांतच हिला एवढा कळवळा कसा? पाळकसाहेबांना संशय आला.

सातव्या दिवशी त्यांनी वाडगा दूर सारला. "माझ्या जिवावर पुण्य कमावतेस होय? अगं, आत्म्याचं तारण कमवायचं नसतं, ते देवाच्या कृपेनं फुकट मिळतं!"

"तुम्ही घेतलंत?"

"दोन्ही हातांनी!"

"लायकी नसताना?"

"लायकी नसतानाच! त्यालाच तर कृपा म्हणतात."

"मग पाळकसाहेब, अख्खा स्वर्ग फुकट घेताना शंका आली नाही, आणि वाडगाभर पेजेचा एवढा संशय?"

पाळकसाहेबांनी वाडग्यासाठी हात पुढे केले. दोन्ही.