सीमाशिळेचं स्नान

पूर्वी कृतयुगात कुणी खोटं बोलत नसे म्हणे. असुरांना मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

विंध्याच्या कुशीत राजा दीर्घश्मश्रूचं राज्य होतं. मिशा हातभर, राज्य वीतभर. त्यात बारमाही पाण्याचा झरा एकच, तोही नेमका हद्दीवर. पलीकडचा असुरराजा कूटाक्ष त्यावर टपलेला. पण लढून झरा मिळणार नव्हता. राजाचा मेहुणा, सेनापती भद्रसेन, एकटा शंभर असुरांना पुरून उरायचा.

झऱ्यापाशी सीमाशिळा होती. तृणपाद ऋषींचा नियम असा, की दर चैत्री पौर्णिमेला राजा आणि सेनापतीने एकाच कलशाला हात लावून तिला स्नान घालायचं. सूर्य बुडेपर्यंत घातलं नाही, तर जो शेजारी घालील त्याचा झरा.

कूटाक्षाने आधी बाजारात भाट सोडले. "भद्रसेना, भद्रसेना, सिंहासनी कधी बसता?" पोरंसोरं तेच गायला लागली. मग हद्दीवर महिनाभर नगारे. सैन्य नाहीच, नुसता दणदणाट! राजाची झोपच उडाली. शेवटी ऋषींकडे गोड विनंती: "यंदा त्यांचं जमलं नाही, तर आम्ही कलश आणावा ना?"

राजाला ते कळलं. तो पुटपुटला, "जमणार नाही, हे त्याला सांगितलं कुणी?"

पौर्णिमेला राजा आणि ऋषी शिळेपाशी वाट पाहत होते; सूर्य डोंगराला टेकला तेव्हा भद्रसेन कलश भरून घेऊन आला.

"आधी तू पी यातलं," राजा म्हणाला.

"दाजी, हे दगडाला घालायचंय, तुम्हाला नाही!"

"पी म्हणतो ना!"

भद्रसेन घटाघटा प्यायला. राजाला तेही खटकलं. "एवढ्या पटकन? विषावरचा उतारा आधीच घेतलायस तू!"

"दाजी, असं ताईसमोर तरी बोलू नका हो."

राजाने लाथेने कलश उडवला. "धरा याला!" त्या धरपकडीत सूर्य बुडाला.

झुडपाआडून कूटाक्ष आपल्या सेनापतीला घेऊन आला आणि दोघांनी शिळेला शांतपणे स्नान घातलं.

ऋषी खिन्न झाले. "नियम माझाच. कूटाक्षा, झरा तुझा. आणि राजा, एकही बाण न सुटता तू हरलास! आपला-परका न ओळखता ओरडत फिरशील!"

राजाचे पाय काड्या झाले, अंगाला पंख फुटले.

तीच टिटवी. वैरी येवो की तहानलेला वाटसरू, ती आधी बोंबलते. आणि तिच्या त्या बोंबलण्यानेच सगळ्या माळाला कळतं, की अंडी इथंच कुठंतरी आहेत.