चाप दोनदा ओढला

चिंचखिंडीच्या नाक्यावरचे फौजदार घोरपडे इतके संशयी, की दुधाच्या कॅनमध्येही हात घालून बघायचे. एकदा त्यांनी जुई टिपरेची गाडी अडवली. डिकीत एक कुलूपबंद पेटी होती. ती उघडायला लावली, तर आत बंदूक.

"एअरसॉफ्टची आहे साहेब, खेळातली. प्लास्टिकचे छर्रे उडतात," जुई म्हणाली. "नळीचं टोक नारिंगी आहे बघा. छर्रे आणि बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवलीय. सामन्याला चाललेय."

"टोक काय, कोणीही रंगवतं. आणि कुलूप लावलंस म्हणजे लपवलंसच की," फौजदार म्हणाले. "ही खरीच आहे. आज कोठडीत राहायची तयारी ठेव."

असं म्हणत त्यांनी बंदूक उचलली, एक डोळा मिटून नळीत पाहिलं आणि मग ती हवालदार शेलारांच्या पोटावर रोखून चाप दोनदा ओढला. शेलार जांभई देत उभे होते.

जुईने हे सगळं नीट पाहिलं.

"बरं साहेब, खरी आहे असंच लिहा," ती म्हणाली. "फक्त पंचनाम्यात हेही येऊ द्या, की ती भरलेली आहे का हे न बघता तुम्ही शेलारकाकांवर चाप दोनदा ओढलात. साक्षीदार म्हणून मी सही करते."

शेलारांची जांभई अर्ध्यातच थांबली. ते हळूच बाजूला सरकले.

"साहेब, काय ते आधी ठरवा," ते म्हणाले, "म्हणजे मला त्याप्रमाणे घाबरता येईल."

"खेळणं आहे," फौजदार म्हणाले. पेटीचं कुलूप त्यांनी स्वतःच लावलं. पण गाडी सोडण्याआधी छर्र्यांची पिशवी मात्र एकदा हुंगून बघितली.