परतीची हवा

“…मग माझ्यात उणे तरी काय, तात्या? खडपाला हात लावला की नाही?”

यशोधन होडीच्या काठावर धापा टाकीत बसला होता. ओठ निळसर पडले होते. आवाजातला ताठा मात्र भिजला नव्हता.

रवळूतात्या रिकामे सिलिंडर जागेवर लावीत राहिले. गेली तीस वर्षे ते पाहुण्यांना या प्रवाळांत बुडी मारायला नेत होते. आता गुडघे थकले होते. गळ्यातली पितळी शिटी ते ज्याला देतील, त्याच्या हाती यापुढे पाहुण्यांचे श्वास सोपवले जाणार होते. पुण्याच्या तलावांत पोहण्याची पदके जिंकलेला यशोधन त्या शिटीसाठी दोन वर्षे इथे तळ ठोकून होता.

“तुम्हीच सांगा, माझ्याइतक्या वेगाने इथे कोण पोहतो? पदके काय उगीच मिळाली?”

“पदकां पाण्यात बुडतत,” तात्या म्हणाले. “झिला, जाताना तुका पाण्यान नेल्यान. येताना मी हाडलंय. तू खय होतंस?”

…

ते खरेच होते : नेले पाण्याने, परत आणले तात्यांनी; यशोधन स्वतः कुठेच नव्हता. ओहोटीची ओढ होडीकडून बाहेरच्या खडपाकडे, पाण्याखालच्या त्या खडकाकडे, वाहत होती. तात्यांचा दंडक एकच : हवेचे तीन वाटे करायचे, एक जाण्याचा, दोन परतण्याचे. पहिला वाटा सरला तेव्हा खडप समोर दिसत होते. यशोधन वळला नाही. हात लागला, पण परतताना ओढीशी झुंजता झुंजता निम्म्या वाटेतच हवा संपली. मागून येणाऱ्या तात्यांनी आपली जादा नळी त्याच्या तोंडात दिली, म्हणून तो आत्ता वाद घालायला शिल्लक होता.

“पण गेलो तरी ना?”

“गेलंस,” तात्या म्हणाले. “इलंस नाय.”

गेलास, आलास नाहीस. या दोन क्रियापदांमधले अंतर यशोधनला कोणत्याही तलावात मोजावे लागले नव्हते.

…

दुसऱ्या दिवशी हंगामातली शेवटची बुडी होती. ओहोटी तीच, खडप तेच.

या वेळी यशोधनने हात-पाय आवरले. ओढीने नेले तसा तो गेला. निळे पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते. एका कपारीच्या आडोशाला एक थोराड गोबरा मासा कल्ले हलवीत निश्चल उभा होता. सारा समुद्र वाहत होता, तो नव्हता.

समोर खडप आले. त्यावर जांभळे समुद्रपंखे ओढीने वाकले होते. चार हातांचे अंतर.

त्याने हवेच्या काट्याकडे पाहिले. पहिला वाटा सरला होता.

पाणी पाठीवर रेटत होते. अंग सैल सोडले असते, तरी हात लागला असता.

…

यशोधन वळला.

कोणत्याही शर्यतीत त्याने एवढे बळ लावले नव्हते. तो तळाशी चिकटला, प्रवाळ चुकवून उघड्या दगडांना बोटे रोवीत, कपारीमागून कपारीत विसावत, इंचाइंचाने होडीकडे सरकला. तात्या मागे होते. त्यांनी हात पुढे केला नाही. करावा लागला नाही.

होडीवर चढल्यावर त्याने तोंडातली नळी काढली. मान वर उचलवत नव्हती.

“नाही लागला हात, तात्या. चारच हात राहिले होते.”

तात्यांनी त्याचा काटा पाहिला. नळीतून अजून हवा फुसफुसत होती.

“शिटी दुसऱ्या कुणाला द्या,” यशोधन म्हणाला. “मी पोहोचलो नाही.”

तात्यांनी गळ्यातली शिटी काढली आणि ओलीच त्याच्या तळव्यावर ठेवली.

“इलंस!”